मुलाच्या छातीत पोर्ट बसवल्यावर घ्यायची काळजी

मुलाला रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान होते, केमोचे वेळापत्रक हातात पडते आणि त्याच सुमारास डॉक्टर सांगतात की छातीत पोर्ट बसवून घेऊ. आधीच हादरलेल्या आईवडिलांना हे आणखी एक संकट वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात पोर्ट ही मुलाचा पुढचा काळ सुसह्य करणारी सोय आहे. लहान मुलांमधील लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार साधारण दोन ते तीन वर्षे चालतो. एवढ्या काळात केमो, सलाईन, रक्ततपासण्या, रक्त आणि प्लेटलेट चढवणे या सगळ्यासाठी हातापायांच्या बारीक शिरा शोधत राहिल्यास त्या हळूहळू सापडेनाशा होतात आणि एका इंजेक्शनसाठी मुलाला तीन-चार ठिकाणी टोचावे लागते. शिवाय व्हिन्क्रिस्टीन, डॉक्सोरुबिसीन यांसारखी औषधे शिरेबाहेर झिरपली, तर तिथली त्वचा आणि मांस करपू शकते. असे औषध मोठ्या शिरेत, भरपूर वाहत्या रक्तात सोडता यावे यासाठी पोर्टचा उपयोग होतो.

पोर्ट म्हणजे टायटॅनियमची किंवा वैद्यकीय प्लास्टिकची एक छोटी डबी असते. लहान मुलांसाठीची डबी साधारण रुपयाच्या नाण्याएवढी असते. तिच्या तोंडावर सिलिकॉनचा जाड पडदा असतो आणि तिला जोडलेली मऊ नळी मानेजवळच्या मोठ्या शिरेतून हृदयाच्या तोंडाशी जाऊन थांबते. ही सगळी रचना कातडीखाली असते, बाहेरून फक्त गळ्याच्या हाडाखाली एक उंचवटा दिसतो. पडद्यातून एका विशिष्ट, वाकड्या टोकाच्या सुईनेच आत जायचे असते. तिला ह्यूबर सुई म्हणतात. साधी सुई सिलिकॉनचा तुकडा कापून काढते आणि तेवढ्याने महागडा पोर्ट गळका होऊ शकतो. ह्यूबर सुईने मात्र पडदा पुन्हा मिटतो आणि हजारभर वेळा टोचले तरी टिकतो.

पोर्टला रोजची देखभाल जवळजवळ लागत नाही, पण ज्या थोड्या प्रसंगी ती लागते तिथे थोडीही ढिलाई परवडत नाही, कारण या नळीचे दुसरे टोक हृदयाशी आहे. हा मजकूर त्याच प्रसंगांविषयी आहे. तुमच्या रुग्णालयाने दिलेली लेखी सूचना इथल्यापेक्षा वेगळी असेल, तर रुग्णालयाचीच सूचना पाळावी.

ऑपरेशननंतरचे पहिले पंधरा दिवस

पोर्ट पूर्ण भूल देऊन बसवतात. छातीवर एक आणि बहुधा मानेजवळ एक अशा दोन छोट्या जखमा असतात. टाके बऱ्याचदा आपोआप विरघळणारे असतात. काढायचे असतील तर तारीख घरी निघतानाच विचारून घ्यावी. जखमेभोवती थोडी सूज, निळसरपणा आणि मान वळवताना ताण हे पहिले काही दिवस असतेच. ते दिवसागणिक कमी होत गेले पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कमी झालेले दुखणे पुन्हा वाढले, जखम गरम व लाल झाली किंवा तीतून पाणी वा पू येऊ लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवावे.

जखम पूर्ण भरेपर्यंत ती कोरडी ठेवायची. मुलाला काखेत हात घालून उचलण्याची सवय घरातल्या सगळ्यांना असते. या काळात एक हात पाठीखाली आणि एक हात मांड्यांखाली घेऊन उचलावे. आजी-आजोबांना हे आधी करून दाखवावे, नुसते सांगू नये. जखमेवर हळद, खोबरेल तेल, अंगारा किंवा कोणतेही घरगुती मलम लावू नये. ही गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना समजावणे अवघड जाते, कारण त्यामागे माया असते. पण केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी झालेल्या मुलाच्या शरीरात त्या चिमूटभर हळदीबरोबर गेलेले जंतूही मोठे संकट उभे करू शकतात. गळ्यातला ताईत किंवा काळा दोरा पोर्टवर लोंबत असेल, तर तो मनगटावर किंवा उशाशी ठेवावा. श्रद्धेला धक्का न लावता एवढा बदल करता येतो.

सुई नसतानाचे दिवस

जखम भरली आणि पोर्टमध्ये सुई लावलेली नसेल, तर मूल नेहमीसारखी आंघोळ करू शकते, पालथे झोपू शकते, शाळेत जाऊ शकते. उंचवट्यावर पट्टी लागत नाही. साबण लावताना तिथे चोळायचे नाही आणि तेलाने मालीश करताना तो भाग टाळायचा, एवढेच पथ्य आहे. रोज आंघोळीच्या वेळी पोर्टवर एकदा नीट नजर टाकावी: रंग, सूज, उष्णता, आणि डबी कातडीखाली नेहमीच्या जागीच आहे ना. काही मुलांना चाळा म्हणून उंचवटा फिरवण्याची सवय लागते; त्याने डबी आत उलटी होऊ शकते, म्हणून ती सवय प्रेमाने मोडावी.

दप्तराचा पट्टा पोर्टवर घासणार नाही असा घ्यावा. गाडीत सीटबेल्ट मात्र लावलाच पाहिजे. बेल्ट आणि छाती यांच्यामध्ये एक मऊ रुमाल ठेवला की रुतत नाही. खेळाबाबत पालक बरेचदा गरजेपेक्षा जास्त घाबरतात. धावणे, सायकल, झोके, बॅडमिंटन यांना पोर्टची आडकाठी नाही. कबड्डी, कुस्ती, जोराच्या चेंडूचे क्रिकेट अशा छातीवर आदळणाऱ्या खेळांपासून लांब राहावे, आणि प्लेटलेट कमी असतील तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताही धसमुसळा खेळ नको. विहिरीत, नदीत किंवा तलावात पोहणे उपचार संपेपर्यंत थांबवावे. त्याचे कारण पोर्टपेक्षाही त्या पाण्यातले जंतू हे आहे.

शाळेतल्या वर्गशिक्षिकेला पोर्टची जागा दाखवून ठेवावी. ‘ताप आला किंवा छातीवर लागले तर लगेच फोन करा’ असे एका कागदावर लिहून, खाली आपला क्रमांक टाकून द्यावा.

सुई लावण्याचा दिवस

पोर्ट असला तरी सुई कातडीतून जातेच. त्यामुळे ‘काही दुखणार नाही’ असे मुलाला कधीही सांगू नये. एकदा खोटे पकडले गेले की पुढच्या प्रत्येक वेळी मूल अधिक घाबरते. ‘आधी गार लागेल, मग एकदा टोचेल, मग तू मोठा श्वास सोडायचास’ असे खरे आणि क्रमाने सांगावे. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी बाहुलीच्या छातीवर कापसाचा गोळा चिकटवून त्यालाच ‘सिस्टर’ होऊ द्यावे. हा खेळ आठ दिवस आधीपासून घरी खेळला, तर डे-केअरच्या, म्हणजे केमो देऊन त्याच दिवशी घरी सोडणाऱ्या विभागाच्या, खुर्चीवर त्याचा फरक जाणवतो.

कातडी बधिर करणारे लिग्नोकेन-प्रिलोकेनचे मलम डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानात मिळते. ते परिणाम करायला साधारण एक तास घेते. उंचवटा बोटाने चाचपून त्याच्या बरोबर माथ्यावर मलमाचा जाडसर थर ठेवावा, चोळू नये, आणि वर पारदर्शक पट्टी चिकटवावी. नंबर किती वाजता लागेल हे सांगता येत नसले, तर रुग्णालयात पोहोचल्यावर नंबर लावून मग मलम लावणे सोयीचे पडते. फाटलेल्या किंवा खाजून लाल झालेल्या कातडीवर ते लावू नये, आणि बाळ वर्षाच्या आतले असेल तर किती आणि किती वेळ लावायचे हे डॉक्टरांकडूनच समजून घ्यावे. त्या दिवशी पुढून बटणे असलेला सदरा घालावा. डोक्यातून काढायचा टी-शर्ट सुई लावल्यावर अडचणीचा ठरतो.

आता प्रत्यक्ष सुई लावताना काय घडते ते बारकाईने पाहून ठेवावे. मूल आईच्या मांडीवर, पाठ तिच्या छातीला टेकवून बसलेले असते. आडवे दाबून धरण्यापेक्षा ही बैठक मुलाला कितीतरी कमी भीतीची वाटते. सिस्टर हात धुतात, मास्क लावतात, निर्जंतुक हातमोजे घालतात. मूल आणि आई दोघांनाही मास्क दिला जातो किंवा मुलाचे तोंड दुसऱ्या बाजूला वळवायला सांगतात. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने जागा चोळून पुसली जाते आणि ती आपोआप वाळू दिली जाते. फुंकर मारायची नाही, कापसाने टिपायची नाही. मग दोन-तीन बोटांनी डबीची कड पक्की धरून सुई सरळ आत जाते आणि डबीच्या तळाला टेकल्याचा बारीक टक्‌ जाणवतो. त्यानंतर सिरिंज किंचित मागे ओढली की नळीत लाल रक्त दिसते. मग सलाईनने धुतात. हे सगळे दहा मिलिलिटरच्या सिरिंजने केले जाते, कारण लहान सिरिंजचा दाब जास्त असतो आणि आतली नळी फाटू शकते.

यातले रक्त मागे येणे हा क्षण पालकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा असे माझे ठाम मत आहे. रक्त मागे आले याचा अर्थ सुई योग्य जागी आहे. केमोचे औषध जोडण्याआधी ते दिसले नसेल, तर शांतपणे विचारावे: ‘सिस्टर, औषध सोडायच्या आधी रक्त मागे येतंय का, एकदा दाखवता का?’ गर्दीच्या डे-केअरमध्ये असे विचारायला संकोच वाटतो, पण चांगल्या परिचारिकेला या प्रश्नाचा राग येत नाही. कधी कधी रक्त येत नाही. तेव्हा मुलाला हात डोक्यावर घ्यायला, खोकायला किंवा कुशीवर वळायला सांगतात आणि बऱ्याचदा तेवढ्याने येते. तरीही आले नाही, तर जोर लावून काही ढकलू नये. नळीच्या टोकाशी जमलेली गुठळी विरघळवणारे औषध असते, आणि गरज पडल्यास एक्स-रे काढून नळीची जागा तपासतात.

औषध चालू असताना मुलाने ‘जळतंय’, ‘टोचतंय’ म्हटले, किंवा उंचवट्याभोवती फुगवटा दिसला, की त्याच क्षणी सिस्टरना बोलवावे. बोलता न येणारे बाळ अचानक रडू लागले तर पट्टीखाली नजर टाकावी. मूल उगाच कुरकुरते असे गृहीत धरून अर्धा तास जाऊ देणे, हे या सगळ्या काळजीतले सर्वात महाग पडणारे दुर्लक्ष आहे.

सुई लावून घरी किंवा मुक्कामी आल्यावर

सलग काही दिवस औषध असेल तर सुई आतच ठेवतात. एक सुई साधारण सात दिवसांपर्यंत राहू शकते, नंतर ती आणि तिच्यावरची पारदर्शक पट्टी दोन्ही बदलतात. पट्टी ओली झाली, मळली किंवा तिची कड सुटली, तर सात दिवस व्हायची वाट न पाहता त्याच दिवशी बदलून घ्यावी. मुंबईच्या दमट हवेत घामाने पट्टी फार लवकर सुटते. मुलाला सुती, सैल कपडे घालावेत, पंख्याखाली ठेवावे आणि छातीचा भाग वगळून ओल्या कापडाने अंग पुसावे. सुई असताना डोक्यावरून पाणी घेण्याचा धोका पत्करू नये. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचार घेणारी अनेक कुटुंबे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा तशाच एखाद्या निवाऱ्यात राहतात. सामाईक न्हाणीघर असेल, तर ही पुसण्याची आंघोळ खोलीतच उरकणे बरे.

बाहेर राहिलेली नळी सदऱ्याच्या आत गुंडाळून चिकटपट्टीने बसवावी, म्हणजे ती झोपेत किंवा खेळताना ओढली जात नाही. नळीवर एक चिमटा असतो. तो बंद कसा करायचा हे निघण्यापूर्वी स्वतःच्या हाताने करून पाहावे. कधी नळी तुटली किंवा टोकाची टोपी निघाली, तर तुटलेल्या जागेच्या आणि मुलाच्या मधला चिमटा ताबडतोब बंद करावा. चिमटा नसेल तर नळी दुमडून घट्ट धरावी आणि तसेच रुग्णालय गाठावे. सुईच निसटली तर ती परत आत खुपसू नये. स्वच्छ गॉजने दाबून धरावे, सुई जपून एका डब्यात ठेवावी आणि फोन करावा.

ताप

हा भाग घरातल्या प्रत्येकाने वाचावा, कारण ताप आई घरी नसतानाही येतो.

पोर्ट असलेल्या मुलाचा ताप साधा समजायचा नाही. नळीत वाढलेले जंतू सरळ रक्तात जातात, आणि पांढऱ्या पेशी कमी असतील तर काही तासांतच मूल गंभीर होऊ शकते. बहुतेक रुग्णालये 100.4 अंश फॅरनहाइट, म्हणजे 38 अंश सेल्सियस, ही मर्यादा सांगतात. तुमच्या रुग्णालयाने सांगितलेला आकडा थर्मामीटरच्या डबीवरच लिहून ठेवावा. हात लावून ताप ठरवू नये. डिजिटल थर्मामीटर काखेत धरून मोजावा; गुदद्वारातून कधीही मोजू नये, कारण तिथली नाजूक कातडी खरचटली तर तीतूनही जंतू शिरतात.

आकडा मर्यादेला पोहोचला की प्रथम फोन आणि मग निघणे, असा क्रम ठेवावा. ताप उतरवण्यासाठी पॅरासिटामॉल देऊन ‘बघूया सकाळपर्यंत’ म्हणू नये, कारण गोळीने आकडा उतरतो, जंतू तसेच राहतात. आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन तर प्लेटलेट कमी असलेल्या मुलाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय द्यायचेच नाही. रुग्णालयात पोहोचल्यापासून एका तासाच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावे, हे जगभर मानले गेलेले उद्दिष्ट आहे. अपघात विभागात गेल्यावर रांगेत न थांबता पहिले वाक्य हेच म्हणावे: ‘मुलाला केमो चालू आहे, छातीत पोर्ट आहे आणि ताप आला आहे.’

पोर्ट फ्लश केल्यावर, म्हणजे सलाईनने धुतल्यावर, किंवा त्यातून सलाईन सुरू केल्यावर तास-दीड तासात मुलाला हुडहुडी भरून थंडी वाजली, तर नळीतच जंतू असल्याची दाट शंका घ्यावी. त्या वेळी ताप नसला तरी हे तितकेच तातडीचे आहे. ओठ निळसर होणे, हातपाय गार पडणे, मूल सुस्त होणे किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही दिसले तर 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

आता गावाचा प्रश्न. मुंबईत केमो घेऊन मूल किनवटला किंवा जतला घरी जाते आणि तिथे मध्यरात्री ताप येतो. अशा वेळी मुंबईची गाडी पकडणे चूक आहे. जवळच्या, शिरेतून अँटिबायोटिक देऊ शकणाऱ्या रुग्णालयात जावे. तिथे ह्यूबर सुई नसेल किंवा ती लावण्याची सवय कुणाला नसेल, तर पोर्टला हात न लावता हाताच्या शिरेतून पहिला डोस सुरू करावा, आणि मग आपल्या कर्करोग डॉक्टरांशी त्या डॉक्टरांचे बोलणे करून द्यावे. यासाठी गावी निघण्यापूर्वीच रुग्णालयाकडून एक चिठ्ठी मागून घ्यावी. त्यात आजाराचे नाव, चालू औषधे, तापात द्यायच्या अँटिबायोटिकचे नाव व डोस आणि बोलायचा फोन क्रमांक असावा. ही चिठ्ठी मागणाऱ्या पालकांना क्वचितच नकार मिळतो. पण न मागता ती बहुधा मिळतही नाही.

तापाखेरीज मान, चेहरा किंवा पोर्टच्या बाजूचा हात सुजला, छातीवर पूर्वी न दिसणाऱ्या निळ्या शिरा उठून दिसू लागल्या, तर मोठ्या शिरेत गुठळी झाल्याची शक्यता असते. तेही त्याच दिवशी दाखवावे.

फ्लशची तारीख

पोर्ट वापरात नसेल तेव्हाही तो ठराविक काळाने सलाईनने धुऊन, बहुतेक ठिकाणी हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध भरून बंद करतात. साधारणपणे दर चार आठवड्यांनी हे करतात. काही रुग्णालये जास्त अंतर ठेवतात. उपचाराच्या शेवटच्या टप्प्यात मूल तोंडाने गोळ्या घेत असते, तब्येत सुधारलेली असते, मुंबई-पुण्याची वारी नकोशी होते आणि नेमकी याच काळात फ्लशची तारीख चुकते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती ठळक करून ठेवावी. जवळच्या शहरात ह्यूबर सुई लावण्याची सवय असलेला कर्करोग विभाग कुठे आहे याची चौकशी आपल्या डॉक्टरांकडे करावी, म्हणजे फक्त फ्लशसाठी लांबचा प्रवास वाचतो. गल्लीतल्या दवाखान्यात, कितीही ओळखीचे डॉक्टर असले तरी, साध्या सुईने फ्लश किंवा रक्त काढणे होऊ देऊ नये.

कागदपत्रे आणि इतर डॉक्टर

पोर्टसोबत एक ओळखपत्र मिळते. त्यावर कंपनी, प्रकार आणि क्रमांक असतो. त्याचा फोटो आई आणि वडील दोघांच्या फोनमध्ये असावा. एमआरआयपूर्वी ते दाखवावे. आजचे बहुतेक पोर्ट एमआरआयला चालतात, पण ठरवायचे तंत्रज्ञांनी. सीटी स्कॅनचे कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र स्पष्ट दिसण्यासाठीचे औषध, जोराच्या दाबाने सोडतात आणि ते सगळ्याच पोर्टमधून देता येत नाही, म्हणून तिथे आवर्जून विचारावे. दाताच्या डॉक्टरांनी काही काढायचे किंवा खोदायचे ठरवले, तर आधी कर्करोग डॉक्टरांची परवानगी घ्यावी.

खर्चाविषयी एक गोष्ट. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. पोर्ट आणि ह्यूबर सुयांचा खर्च कोणत्या मदतीतून भागेल, हे रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना पोर्ट बसवण्याआधी विचारावे, नंतर नाही. सुयांचा खर्च वारंवार येतो आणि तोच पालकांच्या हिशेबातून सुटतो.

पोर्ट काढताना

उपचार संपले, तपासण्या ठीक आल्या आणि डॉक्टरांना समाधान वाटले, की छोट्या ऑपरेशनने पोर्ट काढतात. काही मुलांना त्याची इतकी सवय झालेली असते की तो काढायचा म्हटल्यावर ती रडतात. त्यांच्याशी आधीपासून बोलत राहावे. जखमेची काळजी बसवतानासारखीच, पण कमी दिवस घ्यावी लागते. पोर्ट निघाला तरी तापासाठीची खबरदारी किती महिने चालू ठेवायची, हे सुटी मिळण्यापूर्वी लिहून घ्यावे आणि पोर्टच्या ओळखपत्रासह बसवल्याचे व काढल्याचे दोन्ही कागद मुलाच्या फाइलमध्ये कायम ठेवावेत.